डावीकडची तीन शून्ये

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला सहा मिनिटे चाळीस सेकंद लागत. हा अंदाज नाही. तीन दिवस घड्याळ लावून मी मोजले होते आणि सरासरी काढली होती. माझ्या धाकट्या भावाने तो घेतला तेव्हाही तो नवा नव्हता. भाऊ गेल्यावर वर्षभर त्याच्यावर जुनी चादर टाकलेली होती. मग ती चादर काढायची गरज भावजयीला पडली.

भाऊ शेवगावला तालुक्याच्या एका कार्यालयात लिपिक होता. तो अचानक वारला आणि त्याच्या जागी त्याच्या बायकोला अनुकंपा तत्त्वावर घेतले. नेमणुकीच्या आदेशात सात अटी होत्या. सहा अटी कुणालाही पाळता येतील अशा. पाचवी मात्र अशी, की दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगचे मिनिटाला तीस शब्दांचे प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल. 'अन्यथा' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. दुसरी परीक्षा ही मुदतीच्या आत येणारी शेवटची होती. तिची मुलगी पाचवीत शिकत होती, आणि आमच्या घरात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी येणारा पगार तिचा एकटीचाच होता.

आमच्याकडे थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर फार बोलत नाहीत. यात भांडण नसते, रीत असते. तिला मला काही सांगायचे असेल तर ती माझ्या बायकोला सांगते, बायको मला सांगते आणि उत्तर त्याच वाटेने परत जाते. मी तिथेच खुर्चीवर बसलेलो असलो तरी. कॉम्प्युटरची तक्रारही अशीच आली.

"ती म्हनती मशीन लई हळू चालू होतं," बायको म्हणाली. "पहाटंच्या तासातली धा मिनटं त्यातच जात्यात."

"दहा नाही. सहा मिनिटे चाळीस सेकंद."

"मंग जाऊन तिलाच सांगा की. मी काय तुमा दोघांचा टेलिफोन हाय?"

भावजय पहाटे पाच ते सहा आणि संध्याकाळी सात ते नऊ सराव करायची. रोजचे तीन तास. कार्यालयातला कॉम्प्युटर तिला सरावाला मिळत नसे. शेवगावच्या टायपिंग क्लासचे तिचे महिने भरलेले होते. म्हणजे घरचे हे एकच यंत्र, आणि ते हळू. मी ठरवले की हे आपण नीट करू.

मी गावातल्या दूध संकलन केंद्राचा सचिव आहे. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाचे लिटर, फॅट आणि लॅक्टोमीटरची डिग्री लिहिणे हे माझे काम. मधली दुपार मोकळी असते. त्या बुधवारी दुपारी मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सांगत होता की कॉम्प्युटरच्या आत एक मोठे दप्तर असते, त्याला रजिस्ट्री म्हणतात. नको असलेल्या नोंदी तिथून काढल्या की मशीन हलके होते. मला ते लगेच पटले. आपला सातबारा असतो तसेच हे. जमीन जागेवर असून भागत नाही, उताऱ्यावर नाव लागते. मशीनच्या लेखीही ज्याची नोंद तोच हजर.

त्याच माणसाने आधी आणखी एक बटण दाबायला सांगितले. मशीन बिघडले तर जुन्या तारखेच्या स्थितीवर परत जाण्याची एक सोय असते, ती फार जागा खाते, ती बंद करा. मी बंद केली. त्या सोयीचा उपयोग काय हे मला कळत होते. पण मी परत जाणार नव्हतो, म्हणून ती ठेवण्याचे कारण दिसले नाही.

नोंदी काढताना मात्र मी बेफिकीर नव्हतो. दोनशे पानी वही घेतली, चार रकाने आखले: अनुक्रमांक, नोंद, त्यातला मजकूर, का काढली. एक नोंद वहीत उतरवायची, मग मशीनमधून काढायची. असे करत मी कीबोर्डांच्या यादीपाशी आलो. तिथे जगातल्या देशोदेशींचे कीबोर्ड एकाखाली एक लावलेले होते, प्रत्येकाला एक क्रमांक. ज्या देशांची नावेही मला धड वाचता येईनात त्यांचे कीबोर्ड आमच्या घरात कशाला? साठ नोंदी काढल्या. आणि त्यातच मला दिसले की मराठी दोनदा लागली आहे. एक '४४ई' आणि एक '१०४४ई'. नाव दोन्हीकडे मराठीच.

केंद्राच्या सभासद यादीत एकाच माणसाचे नाव दोनदा येते, तेव्हा दुसरे काढणे हे दरवर्षी माझ्याच अंगावर असते. मी त्यात कधी चुकलेलो नाही. मी १०४४ई ही नोंद वहीत उतरवली, 'का काढली' या रकान्यात 'दुबार' लिहिले आणि काढून टाकली. ती एकसष्टावी.

मशीन बंद करून चालू केले. चार मिनिटे दहा सेकंद. अडीच मिनिटे वाचली होती. बायकोला सांगितले, "तिला सांग, आता अडीच मिनिटे कमी लागतील." त्या दिवशी दूध घालायला आलेल्या दोघातिघांनाही मी हे सांगितले.

संध्याकाळी सात वाजून गेले होते. मी केंद्रावरून येऊन चहा घेत होतो. भावजय कॉम्प्युटरसमोर बसली होती, माझ्यापासून सहा फुटांवर, माझ्याकडे पाठ करून. कळांचा आवाज सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला, परत थांबला. मग ती हलक्या आवाजात स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "ताई, दादांना विचारा ना, मराठी वेगळंच उमटतंय. क दाबला की नुसता पाय मोडतोय."

"अगं बया, कुनाचा पाय मोडला?" बायको लाटणे घेऊनच बाहेर आली.

"कुणाचा नाही. अक्षराचा. क यायच्या ऐवजी पायमोडीचं चिन्ह येतंय. बाकीचंही सगळं भलतंच."

बायको माझ्याकडे वळली. "ऐकलं का?"

मी ऐकले होते. हातातला चहा खाली ठेवला. मराठी टाइप करण्याचे दोन कीबोर्ड असतात, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते; ती पुढे बायकोला सांगत होती त्यातून ते कळले. एक नवा, आणि एक जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीचा. दोन्हींत अक्षरांच्या जागा पूर्ण वेगळ्या. तिची परीक्षा जुन्या पद्धतीची होती. दीड वर्ष तिची बोटे त्याच जागा शिकली होती. तो कीबोर्ड भावाने कधीतरी स्वतःसाठी मशीनमध्ये घालून ठेवला होता. मी ज्याला दुबार म्हटले तो हाच होता. मी यादीवरचे नाव वाचले होते, त्यामागचा माणूस वेगळा आहे का, हे विचारले नव्हते. विचारायला सहा फूट अंतर होते.

"बघतो," मी म्हणालो. एवढेच.

परीक्षेला अकरा दिवस होते.

भावजयीने त्या संध्याकाळी उतारा समोर ठेवला, पडद्याकडे न बघता टाइप करायला लागली. पडद्यावर ओळीच्या ओळी निरर्थक उमटत होत्या. "बोटांची सवय तरी जायला नको, ताई," असे तिने बायकोला सांगितले. पण चूक झाली की बरोबर आले, हे तिला कळायचा काही मार्ग नव्हता. मी जेवायला बसलो आणि अर्ध्या भाकरीवर उठलो.

गुरुवारी सकाळचे दूध आटोपून सव्वानऊला मी मशीनसमोर बसलो. भावजय कामावर गेली होती. पहिल्यांदा जुन्या तारखेवर परत जाण्याची सोय उघडली. पडद्यावर आले की परत जाण्यासाठी एकही तारीख साठवलेली नाही. साठवलेली होती. मीच पुसली होती.

मग वही काढली. मनात म्हटले, इथे तरी आपण सुरक्षित आहोत. एकसष्टावी ओळ. नवी नोंद तयार केली, नाव दिले १०४४ई. आतला मजकूर वहीतून अक्षर अक्षर बघून भरला. कीबोर्डची मूळ फाइल मशीनमध्ये जागेवर आहे का तेही तपासले. होती. म्हणजे जमीन शाबूत, फक्त उतारा गेलेला. मशीन बंद केले, चालू केले, चार मिनिटे दहा सेकंद वाट बघितली. मराठी एकच. परत पुसून परत भरले. परत चार मिनिटे दहा सेकंद. मराठी एकच. तिसऱ्या वेळीही मराठी एकच.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती, ती मी इथे लिहिलीच पाहिजे. यादीतल्या उरलेल्या नोंदींच्या क्रमांकांना डावीकडे शून्ये होती. ती मी वहीत उतरवताना सोडून दिली होती, आणि आता परत भरतानाही सोडली. आमच्या केंद्रातला इलेक्ट्रॉनिक काटा साडेबारा लिटरला ००१२.५ दाखवतो. आम्ही १२.५ लिहितो. काट्याची शून्ये काटा स्वतः लावतो. डावीकडच्या शून्याला किंमत नसते हे मी शाळेत शिकलो आणि त्यानंतर त्यात शंका घ्यायची वेळ कधी आली नाही. मला वाटले, मशीन आपली शून्ये आपण लावून घेईल.

शुक्रवारी मी एसटीने शेवगावला गेलो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात सगळे सांगितले. दुकानदाराने मान वर न करता विचारले, "फॉरमॅट मारू का, काका? दोन तासात नवाकोरा करून देतो."

"आतलं सगळं?"

"आतलं जाईल."

आत भावजयीचे त्रेचाळीस उतारे होते, प्रत्येकाखाली लागलेली वेळ आणि चुका लिहिलेल्या. "आणि मराठी?"

"मोबाईलसारखी टाकून देतो. बोललं की टाइप होतं आता. हातानं कोण करतंय?"

"परीक्षेत बोलून चालत नाही."

"मग मला न्हाई म्हाईत," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिथून मी टायपिंग क्लासवर गेलो. क्लास चालवणाऱ्या बाई साठीच्या असतील. एका भिंतीला अजून त्यांचे जुने टाइपरायटर झाकून ठेवलेले होते, दुसऱ्या भिंतीला आठ कॉम्प्युटर. एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि दारात चपलांचा ढीग होता. मी भावजयीचे नाव सांगितले. बाईंनी तिला ओळखले.

"सव्वीसवर अडकली होती ती. आता?"

"घरी सराव चालू आहे. म्हणजे, होता."

मी सांगितले. त्यांनी एक पेन ड्राइव्ह दिला, त्यात तोच जुन्या पद्धतीचा कीबोर्ड होता. "हे टाका, लागेल. नाही लागलं तर या. पण सरावाला इथं जागा मागू नका. आठ मशीन आणि माणसं किती ते बघताय ना."

मी जवळजवळ धावतच स्टँडवर आलो. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर आले, हा कीबोर्ड या मशीनमध्ये आधीच आहे, आधी तो काढा. मी काढायला गेलो. पडद्यावर आले, अशी कोणतीही नोंद नाही. घालू गेले तर म्हणे आहे, काढू गेले तर म्हणे नाही. मी दोन्ही गोष्टी चार-चार वेळा करून बघितल्या. तलाठ्याच्या दारात मी अशी माणसे पाहिली आहेत, ज्यांचे शेत आहे पण उताऱ्यावर ते नाहीत. त्यांचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक होते. आता तो माझा झाला होता.

संध्याकाळचे दूध घेताना मी एका म्हातारीचे लिटर आणि फॅट उलटसुलट लिहिले. तिनेच ते पकडले. "आरं सचिवा, म्हशीनं इतकं दूध दिलं तर मी तिची आरती करीन," ती म्हणाली, आणि रांगेतले सगळे हसले. केंद्रावर असे माझ्याकडून पूर्वी झाले नव्हते.

त्या संध्याकाळी भावजय कॉम्प्युटरसमोर बसली नाही. पोळपाटावर बोटे ठेवून ती डोळे मिटून उतारा पाठ टाइप करत होती. लाकडावर बोटांचा बारीक टकटक आवाज. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायकोने माझ्याकडे बघितले आणि निरोप घ्यायला तयार झाल्यासारखी हात पुसून उभी राहिली. पण हे सांगायला मधे माणूस घालणे मला बरे वाटेना.

"ते मी काढलं," मी म्हणालो. भावजयीची बोटे थांबली. "तुझं मराठी. बुधवारी. दुबार समजून काढलं. बिघडलेलं नाही, मी काढलं. दोन दिवस लावतोय, लागत नाही."

तिने पदर सारखा केला. मला वाटले, आता उठून आत जाईल.

"देवा," बायको म्हणाली. "दिवाळीत माळ्यावरचं काढत्यात तसं काढलं व्हय वं? तिच्या नोकरीचं होतं ते."

"मला माहीत आहे."

"म्हाईत हाय तर तीन दिस तोंड शिवून का बसला?"

भावजय बायकोला थांबवून माझ्याकडे वळली. नजर खालीच होती, पण बोलली ती माझ्याशी. "दादा, काढताना कुठं लिहून ठेवलं होतंत का?"

"सगळं. वहीत."

"मग वही घेऊन उद्या बाईंकडं जाऊ. उद्या मला सुट्टी आहे."

मी तिच्याकडून काहीतरी कडू ऐकायच्या तयारीत होतो. ते आले नाही. ती पुन्हा पोळपाटाकडे वळली. नऊ दिवस राहिले होते, आणि आठ तासांचा सराव आधीच गेलेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेचा आणखी एक जाणार होता.

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही गेलो. ती बायकांच्या बाजूला, मी मागे, वही पिशवीत. बाईंनी एका मशीनवरच्या मुलीला उठवले नाही, तिची वेळ संपेपर्यंत आम्हाला बाकावर बसवले. वीस मिनिटे. मग त्यांनी त्या मशीनची रजिस्ट्री उघडली, कीबोर्डांच्या यादीत गेल्या. त्यांच्याकडे तीच नोंद शाबूत होती.

"आता रुजवात घालू," बाई भावजयीला म्हणाल्या. "कार्यालयात नक्कल मुळाशी ताडून बघता तशी. मी मूळ वाचते, तू नक्कल वाच. काही गाळायचं नाही, टिंबसुद्धा."

बाईंनी पडद्यावर बोट ठेवले. "शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, चार, चार, ई."

भावजयीने वहीवर बोट ठेवले. "एक, शून्य, चार, चार, ई."

"परत वाच."

"एक, शून्य, चार, चार, ई."

बाईंनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे वळल्या. "तीन शून्यं कुठं गेली?"

"डावीकडची होती," मी म्हणालो. "डावीकडच्या शून्याला किंमत नसते."

"कोण म्हणालं?"

"गणित."

शेजारच्या मशीनवर टाइप करणारी एक मुलगी फसकन हसली आणि तिच्या ओळीत चूक झाली. बाईंनी तिला नुसते बघून गप्प केले. "अहो, हा आकडा नाही. हे नाव आहे. यात बेरीज-वजाबाकी करायची नाही, हाक मारायची आहे. तुमच्या नावातली पहिली तीन अक्षरं कुणी वगळली, तर तुम्ही ओ द्याल का?"

पन्नाशी जवळ आली आहे, आणि आकड्यांच्या बाबतीत मला कुणी असे उभे केले नव्हते. पण त्याहून मोठे असे की हे इतके सोपे होते, आणि मी तीन दिवस ती शून्ये समोर दिसत असून लावली नव्हती. मी माझ्या खात्रीची किंमत दुसऱ्याच्या दिवसांत मोजत होतो.

"पुढं वाचा," मी म्हणालो. "आणखी काही गाळलं असेल."

आतला मजकूर दोघींनी शेवटपर्यंत ताडून पाहिला. आणखी एका जागी दोन शून्ये गेलेली होती. भावजयीने ती पेन्सिलीने वहीत भरली, आणि समासात तारीख घालून सही केली. कार्यालयात दुरुस्तीवर सही लागते, म्हणून हात आपोआप गेला असावा.

दुपारी घरी पोचलो तेव्हा वीज नव्हती. दीड तास आम्ही तिघे वीज यायची वाट बघत बसलो. बायकोने चहा दोनदा केला. मी मनात सारखा हिशोब करत होतो, आता नाही लागले तर सोमवारी नगर, नगरला नाही झाले तर फॉरमॅट, फॉरमॅट म्हणजे त्रेचाळीस उतारे गेले, आणि बाईंच्या पेन ड्राइव्हवर भरवसा. प्रत्येक फाट्याला किती दिवस ते मी लिहून पाहिले आणि कुठूनही गेले तरी चारच्या खाली येत नव्हते.

वीज आली. मी खुर्चीवर बसलो, मग उठलो. "तूच भर," मी भावजयीला म्हटले. "मी वाचतो."

मी वहीतून वाचले, शून्यासकट, एकेक करून. तिने भरले. भरून झाल्यावर तिने मला पडद्यावरून परत वाचून दाखवले. मग मशीन बंद केले आणि चालू केले. त्या वेळी मी घड्याळ लावले नाही. खालच्या कोपऱ्यात तिने यादी उघडली. मराठी दोनदा होती. तिने खालची निवडली आणि एक कळ दाबली.

क आला.

"आला काय?" बायकोने दारातून विचारले.

"आला, ताई."

"पाय बिय जाग्यावर हाय ना त्याचा?"

भावजय हसली आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. थोडा वेळ तो तिने काढलाच नाही. मी केंद्राची पिशवी उचलली आणि वेळ झालेली नसताना बाहेर पडलो.

उरलेल्या साठ नोंदीही मी पुढच्या चार दुपारी परत घातल्या, प्रत्येकीची शून्ये बाईंकडून उतरवून आणलेल्या यादीवरून लावून घेत. बायको म्हणाली, "कोन येनार हाय आपल्याकडं त्या देशातून टाइप कराया?" मी म्हणालो, कुणी नाही, पण त्या माझ्या नव्हत्या. मशीन पुन्हा हळू झाले असेल. मी मोजले नाही, तिनेही तक्रार केली नाही.

परीक्षा नगरला होती. मी बरोबर गेलो. परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची, नवऱ्यांची गर्दी होती. तिचे एकूण नऊ तास बुडाले होते, दिवसाला तीन म्हणजे पुरते तीन दिवस. अकरा दिवसांतले तीन. सव्वीसपासून तीसपर्यंत जायला तिला दर आठवड्याला किती शब्द वाढवायला लागत होते, त्यातले किती या नऊ तासांत वाढले असते, हे मी फाटकापाशी उभा राहून काढत होतो. उत्तर येत नव्हते. ज्या दोन गोष्टी माहीत असायला हव्यात त्यातली एकच, बुडालेले तास, मला माहीत होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांवर घाम होता, तो ती पदराला पुसत होती.

"झालं?" मी विचारले.

"झालं, दादा. शेवटच्या दोन ओळी राहिल्या."

दोन ओळी म्हणजे किती शब्द, ते येताना बसमध्ये मी काढले, आणि तिला सांगितले नाही.

निकालाला बरेच आठवडे लागले. त्या आठवड्यांत मी रोज सकाळी उठलो की पहिला विचार त्या दोन ओळींचा यायचा. नापास झाली तर पाचवी अट लागू होणार, आणि कागदावर कारण 'प्रमाणपत्र सादर केले नाही' एवढेच असणार. माझे नाव कुठेच नसणार. ते मला सगळ्यात जास्त टोचत होते.

ती पास झाली. फार वर नाही, काठावरून जरा पुढे. नऊ तास मिळाले असते तर किती, हे आता कुणालाच कळणार नाही.

प्रमाणपत्र सादर केल्यावर कार्यालयाने आदेश काढला, की सदर कर्मचाऱ्याने नेमणूक आदेशातील अट क्रमांक पाच विहित मुदतीत पूर्ण केली असून त्यांची सेवा पुढे चालू ठेवण्यात येत आहे. त्या कार्यालयात मराठी टाइप करणारे दुसरे कुणी त्या आठवड्यात रजेमुळे नव्हते. तो आदेश तिनेच टाइप केला. साहेबांनी सही केली. घरी प्रत आणून तिने ती माझ्या हातात दिली. "दादा, चूक राहिली असेल तर बघा. उद्या सेवापुस्तकात लागणार आहे."

मी पेन्सिल घेऊन दोनदा वाचला. चूक सापडली नाही.